परवा या

तोंडात टाचण्या धरून मास्तर गुडघ्यांवर बसले होते आणि स्टुलावर उभ्या असलेल्या दातांच्या डॉक्टरांच्या पँटचा पाय दुमडत होते. एकेक टाचणी ओठांतून निघून कापडात जात होती आणि प्रत्येक टाचणीला डॉक्टर डोळे मिटून घेत होते.

"मास्तर, ती टाचण्यांची उशी काय शोभेला ठेवलीय? आणि तो दोरा दातानं तोडणंही बंद करा. समोरचा एक दात झिजलाय तुमचा. मला इथून, वरून दिसतोय."

"हं."

"बरं, पँट कधी देताय?"

मास्तरांनी उरलेल्या टाचण्या ओठांच्या एका कोपऱ्यात सरकवल्या आणि दुसऱ्या कोपऱ्यातून नेहमीचं उत्तर दिलं.

"परवा या."

याला खोटं म्हणता येणार नाही. सांगताना मास्तरांना ते अगदी मनापासून वाटायचं. आजचा दिवस कालच्या राहिलेल्या कामात जायचा, उद्याचा दिवस आजच्या राहिलेल्या कामाला आधीच देऊन टाकलेला असायचा. परवाचा दिवस मात्र नवीन उलगडलेल्या कापडासारखा कोरा असायचा, त्यात काय वाटेल ते बसेल असं वाटायचं. त्यामुळे गल्लीत त्यांचं नावच परवा मास्तर पडलं होतं. एका मुलीचा शाळेचा गणवेश त्यांनी इतक्या निवांतपणे शिवला होता की तो तिच्या धाकट्या बहिणीला बेतशीर बसला. लोक रागवायचे, चार शब्द सुनवायचे आणि पुन्हा त्यांच्याकडेच यायचे. कारण त्यांच्या हातचा कपडा अंगावर चढला की माणूस आरशासमोरून हलत नसे.

डॉक्टर स्टुलावरून उतरत होते तेवढ्यात कोपऱ्यावरचा औषधवाला सायकलवरून दुकानासमोरून गेला. घाईत होता. ब्रेक न लावताच त्यानं एक हात उंच केला आणि ओरडला,

"मास्तर, परवा वहिनींचा कार्यक्रम! विसरायचा नाही!"

आणि वळणावरून दिसेनासाही झाला.

मास्तर टाचण्यांसकट थबकले. मग एकेक टाचणी काढून त्यांनी चक्क उशीला टोचली. डॉक्टरांना वाटलं, आपल्या सांगण्याचा परिणाम झाला.

मास्तरीणबाई, म्हणजे मास्तरांची बायको, गावातल्या गायनवृंदात गात असे. संध्याकाळ झाली की नदीजवळच्या सभागृहात तालीम असायची आणि वर्षातून एकदा तिथंच मोठा कार्यक्रम व्हायचा. त्या कार्यक्रमासाठी तिनं फार पूर्वी हौसेनं हिरवं कापड आणलं होतं. मास्तरांनी ते कौतुकानं हातात घेऊन पाहिलं होतं, पोत चांगला आहे म्हणाले होते, आणि परवा करतो म्हणून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं होतं. त्यानंतर दर वर्षी बाई आपल्या जुन्या करड्या ड्रेसमध्ये गायल्या. ऐकायला जाण्याचंही तसंच. एका वर्षी मास्तर खरोखरच पोचले होते, पण तेव्हा तिथला माणूस खुर्च्या एकावर एक रचत होता, आणि मास्तरांनी त्याला दोन हात लावून मदत केली होती.

तसं ती हल्लीच काहीतरी बोलली होती खरी. एका संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर उभी राहून. मशीन चालू होतं, कुणाच्या तरी कोटाची बाही मुंढ्यात बसत नव्हती. "हो, आलोच," असं मास्तर मान वर न करता म्हणाले होते आणि ती थोडा वेळ तिथंच उभी होती. इतर कुणाचं आलोच म्हणजे आलेला माणूस. मास्तरांचं आलोच म्हणजे बाहीपाशीच बसलेला माणूस. तेच सांगत असणार बिचारी, मास्तरांच्या मनात आलं, कार्यक्रम आहे म्हणून. त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी डॉक्टरांची पँट हँगरला लावली, शिडी ओढली आणि वर चढून हिरवं कापड खाली काढलं. झटकलं तशी दोघांनाही शिंका आल्या.

"हे कुणाचं?" डॉक्टरांनी नाक पुसत विचारलं.

"परवाचं," मास्तर म्हणाले.

दुपारी चहा घेऊन मास्तरीणबाई जिना उतरून खाली आल्या तेव्हा दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं आणि टेबलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवं कापड पसरलेलं होतं.

"हे काय काढलंत?"

"आता मला काहीएक सांगू नकोस," मास्तर म्हणाले. "औषधवाल्यानं सांगितलंय सगळं. परवा कार्यक्रम. परवा तू हा ड्रेस घालून गाणार, आणि मी पुढं बसून ऐकणार. दुकान बंद करून. सुरुवातीपासून."

बाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग मास्तरांकडे पाहिलं. चष्मा कपाळावर, कानावर खडू, शर्टाच्या बाह्या वर सारलेल्या, आणि चेहरा असा की जणू आजच दुकान उघडलंय. बाईंनी तोंड मिटलं.

"बरं," त्या म्हणाल्या. चहा ठेवला आणि खुर्ची ओढून बसल्या. एरवी त्या दुकानात बसत नसत.

मास्तरांनी खडू उचलला आणि कापडावर पहिली रेघ मारायला वाकले.

"माप नाही घेणार?"

"तुझं? तुझं माप मला पाठ आहे. झोपेत विचार."

"ते लग्नाच्या वेळचं असेल. ती मुलगी आता इथं राहत नाही."

मास्तर हसले, पण खडू थांबला. त्यांनी गळ्यातली टेप काढली. मास्तरीणबाई उभ्या राहिल्या. मास्तरांनी खांद्याला टेप लावली, आकडा बघितला, पुन्हा लावली. उजवा खांदा डाव्यापेक्षा जरासा उतरला होता. बाजाराची पिशवी त्या नेहमी त्याच बाजूला घेत. पाठीला वरच्या बाजूला अगदी थोडा बाक आला होता. कंबर तर पाठ असलेल्या मापापासून बरीच पुढं निघून गेली होती. आख्ख्या गावाच्या अंगाची खबर ठेवणाऱ्या मास्तरांना हे काहीच ठाऊक नव्हतं.

"हे कधी झालं?" त्यांनी खांद्यावर बोट ठेवून विचारलं.

"होत होतं. तुम्ही मशीनवर होतात."

मास्तरांनी टेप कमरेभोवती फिरवली आणि गरजेपेक्षा जरा जास्त वेळ तशीच धरली.

"जाड झालेय म्हणा सरळ."

"जाड कुठं? कापड थोडं जास्त लागेल, इतकंच."

"आणि खिसे हवेत मला," बाई म्हणाल्या. "दोन्ही बाजूंना. गाताना हात कुठं ठेवायचे तेच कळत नाही."

एवढी वर्षं एकाच घडीत राहिल्यानं कापडावर घडीची रेघ फिकी पडली होती. ती पाण्यानं जाणार नव्हती, इस्त्रीनंही नाही. एरवी मास्तरांनी अशा वेळी कपाळाला हात लावून कापड पुन्हा फळीवर टाकलं असतं. आज त्यांनी कागदाचे तुकडे कापडावर इकडून तिकडे सरकवले, मान वाकडी करून पाहिलं, पुन्हा सरकवले, आणि अखेर ती फिकी रेघ बरोबर खिशाच्या आत नेऊन बसवली. मग ते स्वतःशीच खूश होऊन हसले. कात्री कापडात शिरली तेव्हा उन्हाची तिरीप टेबलाच्या कडेवर आली होती. ती रोजच येत असणार, पण मास्तरांनी बघितली त्या दिवशी.

संध्याकाळ झाली तरी मास्तरीणबाई खालीच. मटार सोलत बसल्या होत्या.

"आज तालीम नाही?"

बाईंनी एक शेंग जरा सावकाश सोलली.

"सुट्टी दिलीय आमच्या शिकवणाऱ्या ताईंनी. गळ्यांना विश्रांती हवी म्हणाल्या."

"कार्यक्रम तोंडावर आला असताना?"

"त्यांना कळतं त्यातलं."

मास्तरांना ते पटलं. मोठ्या कामाआधी तेही मशीनला तेल घालून थोडा वेळ ठेवून देत.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं आली आणि आल्या पावली परत गेली. मास्तर कुणाला परवासुद्धा सांगत नव्हते. "आज नाही," म्हणायचे आणि पुन्हा मान खाली घालायचे. एका बाईंना याचंच इतकं नवल वाटलं की तब्येत बरी आहे ना, असं त्या मास्तरीणबाईंना बाजूला घेऊन विचारून गेल्या. चहा आला तेव्हा मास्तरांनी लगेच पेला तोंडाला लावला आणि जीभ पोळली. गरम चहाची त्यांना सवयच राहिली नव्हती.

"काय काय गाणार आहात?" जिभेवर वारा घेत त्यांनी विचारलं.

"म्हणून दाखवू?"

"दाखव की. पण क्रमानं. कार्यक्रमात असेल तसं."

बाई गाऊ लागल्या. त्या खालच्या आवाजातल्या बायकांमध्ये उभ्या राहत, त्यामुळे गाण्याची मुख्य चाल त्यांच्याकडे नसायचीच. ती पुढच्या रांगेतल्या बायका वर गात आणि यांनी खालून आधार द्यायचा. एका गाण्यात तर बराच वेळ एकच सूर लांबवायचा होता.

"आमच्याच ओळी ऐकल्या तर गाणं ओळखूही येत नाही," त्या थांबून म्हणाल्या. "वरचं नाही ना त्यात."

"मला तर हेच गाणं वाटतंय," मास्तर म्हणाले. "म्हण पुढं."

मशीनचा पाय त्या सुरावर पडू लागला. गाणं संथ झालं की टीप संथ जायची, गाणं पळालं की मास्तरही पळवायचे, आणि एका वळणावर सगळीच गडबड झाली तेव्हा दोघं इतकी हसली की ती शिवण उसवून पुन्हा घालावी लागली. मास्तरांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांचे हात कामात होते, कान गाण्यात होते, आणि मन, जे नेहमी पुढच्या गिऱ्हाइकाच्या बाहीपाशी जाऊन बसलेलं असायचं, ते आज कुठंच गेलेलं नव्हतं. आपण फार सुखात आहोत, असं त्यांना अचानक वाटलं. मोठ्यानं म्हणावंसंही वाटलं, पण तोंडात टाचण्या होत्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ड्रेस तयार झाला. शेवटचं काज पुरं करून मास्तरांनी इस्त्री फिरवली, दुकानाचं दार ओढून घेतलं, ठेवणीतला कोट घातला आणि जिन्याखाली येऊन उभे राहिले.

मास्तरीणबाई उतरल्या. शेवटच्या पायरीवर थांबल्या. खांदे सारखे दिसत होते, पाठ सरळ दिसत होती, आणि हिरवा रंग त्यांच्या पांढऱ्या केसांना इतका शोभत होता की केस काळे असताना शिवला असता तर एवढा शोभलाच नसता. मास्तर एकदा समोरून, एकदा बाजूनं बघून आले.

"कसा झालाय?" बाईंनी विचारलं.

"ड्रेस बघत नाहीये मी," मास्तर म्हणाले. "चल. पहिल्यांदाच वेळेवर निघालोय, वेळेवर पोचू दे."

बाईंनी पर्स घेतली. काहीतरी सांगायचं असावं तशा त्या दारात क्षणभर रेंगाळल्या, पण मास्तर रस्त्यावर जाऊन उभेही राहिले होते. लहान मुलासारखे पुढं चालले होते. गल्ली संपेपर्यंत त्यांनी दोनदा मागं वळून ड्रेसच्या घेराकडे पाहिलं.

कोपऱ्यावर औषधवाला दुकानाच्या काचा पुसत होता. बाईंना बघून त्याचा हात थांबला.

"अहो वहिनी, काय सुंदर! पण हा त्या दिवशी कार्यक्रमाला घालायचा होतात. तिथं करडा, आणि आज नुसतं फिरायला हा?"

मास्तर थांबले.

"कुठल्या दिवशी?"

"कार्यक्रमाच्या दिवशी हो."

"पण कार्यक्रम तर आज आहे. तूच ओरडून सांगितलंस, परवा कार्यक्रम म्हणून."

"हो, मग? तेव्हा परवाच तर झाला होता," औषधवाला म्हणाला. "काय गायल्या सगळ्याजणी! म्हणून तर म्हटलं, विसरायचा नाही. जन्मात विसरायचा नाही." आणि आत फोन वाजला म्हणून तो आत गेला.

मास्तर फुटपाथवर उभे राहिले. बाई औषधांच्या काचेत बघून बाहीचं बटण पुन्हा पुन्हा लावत होत्या. ते मुळात लागलेलंच होतं.

"म्हणजे झाला?"

"झाला."

"आणि तू जिन्यावर उभी राहून..."

"त्याच संध्याकाळी. चला म्हणायला आले होते. तुम्ही आलोच म्हणालात." बाईंनी बटण सोडलं. "पुढच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर पर्स ठेवून जागा धरली होती. शेवटपर्यंत पर्सच ऐकत बसली."

मास्तरांचा चेहरा पडला. ठेवणीतला कोट एकदम मोठा झाल्यासारखा ते त्यात उभे होते.

"फार वाईट वाटलं असेल."

"वाटलं ना. घरी येऊन रडले थोडी. खरं तेच सांगते. मग परवा तुम्ही शिडीवर चढून कापड काढलंत आणि माझा खांदा कधी उतरला म्हणून विचारलंत, तेव्हा कमी झालं. काल तर विसरूनच गेले."

"पण मग सांगायचं नाहीस का मला? वेड्यासारखा शिवत बसलो."

"सांगितलं असतं तर कापड परत फळीवर गेलं असतं. पुढच्या वर्षासाठी." बाई हसल्या. "आणि शिवताना फार छान दिसत होतात. कधी नव्हे ते सापडला होतात, म्हटलं, राहू दे."

मास्तरांनी समोरच्या रस्त्याकडे पाहिलं, मागच्या गल्लीकडे पाहिलं.

"मग आता आपण निघालोय कुठं?"

"तेच मी तुम्हाला विचारणार होते."

हे मात्र मास्तरांना असह्य झालं. ते हसायला लागले ते इतके की काचेला टेकावं लागलं. बाई हौसेनं हात खिशात घालायला गेल्या आणि हात अडला. खिसे बंद होते.

"अहो, हे खिसे खोटे आहेत का?"

"खोटे कसे असतील? कच्चा टाका घालून ठेवलाय. आकार बिघडू नये म्हणून. देताना काढायचा असतो, तेवढा राहिला." मास्तरांनी कोट चाचपला. कात्री रोजच्या कोटात होती. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, वाकले, आणि भर रस्त्यात बायकोच्या खिशापाशी तोंड नेऊन दोरा दातात धरला.

वर एक खिडकी उघडली.

"मास्तर!" दातांचे डॉक्टर ओरडले. "दातानं नको! किती वेळा सांगायचं?"

मास्तरांनी वाकल्या वाकल्या हात हलवला.

"आणि माझी पँट? आज परवा आहे!"

मास्तरांच्या तोंडात दोरा होता. त्यामुळे उत्तर मास्तरीणबाईंनी दिलं.

"परवा या, डॉक्टर!"

टाका तुटला. बाईंनी हात खिशात घातला, तळापर्यंत नेला, तिथं जरा थांबवला, आणि दुसरा खिसा पुढं केला. तोही सुटल्यावर दोन्ही हात खिशांत घालून, पर्स काखेत मारून, त्या नदीच्या दिशेनं चालू लागल्या. डॉक्टरांनी मास्तरांना तेवढ्यावर सोडलं नाही. खिडकीतून झिजलेल्या दाताची अवस्था, पँट, आणि माणसानं शब्द पाळण्याचं महत्त्व, असं सगळं त्यांना ऐकवलं. मास्तरांनी सगळं मान वर करून ऐकून घेतलं, हो म्हणाले आणि झपाझप निघाले.

सभागृह बंद होतं. समोर नदीच्या बाजूला तोंड करून एक बाक होता. मास्तरीणबाई त्याच्या मधोमध बसल्या होत्या आणि कडेच्या जागेवर त्यांची पर्स होती. बाक तसा रिकामाच होता, आजूबाजूलाही कुणी नव्हतं.

मास्तर जवळ आले, तशी त्यांनी पर्स उचलून मांडीवर घेतली.

"उशीर झाला का मला?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. बसा," बाई म्हणाल्या. "आत्ताच सुरू होतंय."